गुणाजीची फाईल

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, सख्ख्या भावाजवळ नाही. इतकंच काय, देवळात गाऱ्हाणं घालायला उभा राहिलो की मनातल्या मनातसुद्धा एवढा भाग गाळून पुढे जातो — जणू काही देवाला तालुक्याच्या कोर्टातलं काही कळत नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं ते जात नाहीये. एवढ्या चार ओळी लिहायला मला दोन दिवस लागले.

मी कोर्टात कारकून होतो. पन्नास सालानंतरची गोष्ट. आपला सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होता, आणि आमचं कोर्ट म्हणजे एक कौलारू इमारत, दोन बाकं आणि साहेबांची खुर्ची. मोटारींचे खटले माझ्या टेबलावर यायचे. दिवा न लावता गाडी चालवली, लायसन घरी राहिलं, टपावर माणसं बसवली — असले. पोलिसांकडून कागद आले की मी ते नोंदवहीत उतरवायचो, समन्स काढायचो, आणि तारखेला आलेल्या माणसाला साहेबांपुढे उभं करायचो. निकाल लागला की कागद त्या-त्या सालच्या कापडी रुमालात बांधून रेकॉर्डच्या खोलीत ठेवायचेही मीच.

समन्स हातात पडलं की माणसं किती घाबरतात, हे तुम्ही पाहिलेलं नाही. चांगला धट्टाकट्टा ड्रायव्हर, घाटात न डगमगणारा, तो त्या कागदाची घडी मुठीत धरून माझ्या खिडकीशी यायचा आणि विचारायचा, "आपा, आता माका काय करूक होया?" मला सगळे आपा म्हणत. आणि मी चष्मा वर सारून सांगायचो — कबूल म्हण, दंड भर, घरी जा.

हा सल्ला चुकीचा होता का? नव्हता, बहुतेक वेळा. नाकबूल म्हटलं की पुढची तारीख, मग साक्षीदार, मग आणखी एक तारीख. दर खेपेला दिवसभराची मजुरी बुडणार, खाडी ओलांडून यायचं, आणि शेवटी दंड तेवढाच. तेव्हा मी सांगायचो ते शहाणपणाचंच होतं. पण खरं सांगतो — मला ते सांगायला आवडायचं. साहेबांच्या आधी माझ्याकडे येतात, माझा शब्द घेतात, हे मला फार आवडायचं. मी शिपायाला चहा आणायला पाठवायचो आणि माणसाला मुद्दाम दोन मिनिटं उभं ठेवायचो. लाज वाटते लिहिताना, पण होतं ते असं होतं.

आमच्याकडे एक रीत होती. नियमात कुठे लिहिलेली नाही, पण सगळे पाळत. चवथीच्या आधी बोर्ड, म्हणजे खटल्यांची यादी, रिकामं करायचं. गणपती घरी येणार, मुंबईचे चाकरमानी बोटीने उतरणार, गणपतीवरच्या लाकडी माटवीला बांधायला फळं-फुलं रानातून आणायची — अशा वेळी डोक्यावर कोर्टाची तारीख कुणालाच नको. साहेबांनाही नको, कारण त्यांनाही घरी जायचं असे. म्हणून चवथीच्या आधीच्या शेवटच्या दिवशी मोटारींचे सगळे आरोपी एका रांगेत उभे करायचे आणि एकामागून एक कबूल, कबूल म्हणवून घ्यायचं. दुपारच्या आत कोर्ट मोकळं. ही रीत बसवण्यात माझा हात मोठा होता. साहेब त्याबद्दल मला शाबासकी देत.

गुणाजी पेडणेकर त्या रांगेत तिसरा होता.

गुणाजी आमच्याच वाडीतला. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शाळेत चौथीपर्यंत बरोबर होतो, मग तो मोटारीवर क्लीनर म्हणून गेला आणि पुढे ड्रायव्हर झाला. मालवण ते शिरोडा खाजगी मोटार चालवायचा. त्याच्या गाडीत बसलेलं माणूस झोपी जायचं, एवढी मऊ गाडी चालवायचा. वाटेत कुणाची गाय आडवी आली तर हॉर्न न वाजवता थांबून राहायचा. आम्ही त्याची थट्टा करायचो, की बाबा रे, तुझ्या मोटारीपेक्षा बैलगाडी आधी पोचते. तो हसायचा. त्याला त्याचा अभिमानच होता.

तेव्हा खाडीवर पूल नव्हता. दोन होड्या जोडून वर फळ्या टाकलेल्या असत, त्या तरीवर मोटार चढवायची आणि पलीकडे न्यायची. नियम असा की उतारावर मोटार रिकामी करायची, माणसांनी पायी उतरून तरीवर यायचं. चवथीच्या आठ दिवस आधी गुणाजीने मोटार अशीच थांबवली, सगळ्यांना उतरवलं. एक म्हातारी मात्र उतरेना. तिचा पाय सुजून खांबासारखा झाला होता. खाली चिखल, निसरडं. तिचा भाऊ बरोबर होता, तो म्हणाला, हिला उचलून नेताना मीच पडेन. तेव्हा गुणाजीने तिला बसू दिलं आणि गाडी माणसाच्या पावलाच्या वेगाने खाली आणली. भाऊ खिडकीची कांब धरून शेजारून चालत होता.

तरीवरचा हवालदार नवीन होता, घाटावरून आलेला. त्याने खटला केला. एक कलम, उतारू आत ठेवून मोटार तरीवर नेली. ते खरंच होतं. पण त्याने आणखी एक कलम लावलं — उतारावरून मोटार बेदरकारपणे, लोकांच्या जिवाला धोका होईल अशी हाकली. असं दुसरं कलम जोडायची तेव्हा पोलिसांना सवयच होती. दोनांतलं एक तरी टिकेल, एवढाच हिशेब. मला ही सवय ठाऊक होती. कागद वाचताना मला कळलंच होतं की गुणाजीच्या बाबतीत हे दुसरं कलम शुद्ध थाप आहे.

त्या दिवशी सकाळी म्हातारीचा भाऊ कोर्टात आला. अर्ज घेऊन. बाहेरच्या अर्जनविसाकडून लिहून घेतला होता — मोटार पावलाच्या वेगाने चालत होती, मी हात लावून शेजारून चाललो, ड्रायव्हरचा दोष नाही, माझी साक्ष घ्यावी. मी अर्ज घेतला. वर "मिळाला" असं लिहिलं, तारीख घातली, सही केली. आणि मग विचार केला — हा अर्ज साहेबांपुढे गेला तर साहेब साक्ष घेणार, हवालदाराला बोलावणार, पुढची तारीख पडणार. चवथीनंतरची. बोर्ड रिकामं होणार नाही. मला दुपारी निघायचं होतं, माटवीचं सामान आणायचं होतं, आणि साहेबांना काल छातीठोक सांगून बसलो होतो की उद्या एकही खटला उरणार नाही.

मी अर्ज फाईलच्या तळाशी सरकवला. म्हाताऱ्याला सांगितलं, साहेबांना दिला, तुम्ही जा आता, सणाचे दिवस आहेत. तो हात जोडून गेला.

गुणाजी खिडकीशी आला. मी त्याला तेच सांगितलं, जे सगळ्यांना सांगायचो. म्हातारीला बसवलंस हे खरं ना? मग कबूल म्हण. तो म्हणाला, "ता खराच आसा रे. म्हातारेक खंय उतरवतलंय होतंय मी?" दुसऱ्या कलमाबद्दल मी त्याला सांगितलं नाही. विसरलो नाही — सांगितलं नाही. कोर्टात आरोप वाचून दाखवायचं काम माझं. पहिला आरोप मी सावकाश, स्पष्ट वाचला. दुसरा त्याच दमात, भरभर, कार्यालयीन मराठीत, अशा आवाजात की तो वेगळा आरोप आहे हेही कळू नये. साहेब पुढचा कागद बघत होते. गुणाजीने मान हलवली आणि म्हणाला, कबूल.

दंड झाला. तो त्याने तिथल्या तिथे भरला. मग त्याच्या लायसनवर नोंद करायची होती, तीही मीच केली, इंग्रजीत, लाल शाईने. डेंजरस ड्रायव्हिंग. साहेबांनी सही ठोकली. गुणाजीला इंग्रजी येत नव्हतं. त्याने विचारलं, काय लिहिलंस? मी म्हटलं, दंडाची नोंद. तो लायसन खिशात घालून गेला आणि दुपारच्या फेरीला मोटार घेऊन निघालाही.

तुम्हाला वाटेल, हीच ती गोष्ट. मलाही पुष्कळ वर्षं असंच वाटत होतं, की माझा गुन्हा एवढाच. पण हे तर नुसतं आळशी माणसाचं पाप. असं पुष्कळांच्या हातून होत असेल.

चार-पाच वर्षं गेली. सरकारने आमच्याकडचे खाजगी मोटारींचे रस्ते ताब्यात घेतले. खाजगी मोटारी बंद. त्यांच्यावरचे ड्रायव्हर सरकारी नोकरीत घ्यायचं ठरलं. गुणाजीचं घरदार तेव्हा आनंदात होतं. सरकारी नोकरी, खाकी कपडे, पेन्शन. त्याच्या बायकोने, सत्यभामेने, शेजारीपाजारी गूळ-खोबरं वाटलं. तो लायसन घेऊन निवडीला गेला आणि संध्याकाळी परत आला तो सरळ माझ्या दारात.

त्याच्या लायसनवरची लाल ओळ अधिकाऱ्याने वाचली होती. म्हणाला, धोकादायक गाडी चालवणाऱ्याला आम्ही कसं घ्यायचं? गुणाजीने सांगितलं की नाही हो, ते म्हातारीला बसवल्याबद्दल होतं. तो अधिकारी माणूस बरा असावा. म्हणाला, तसं असेल तर कोर्टातून त्या खटल्याच्या कागदांची नक्कल आण. कागदांत काही तुझ्या बाजूचं निघालं तर मी वर लिहितो. पंधरा दिवसांच्या आत आण, नंतर माझ्या हातात काही नाही.

"आपा, तूच कोरटात आसस, म्हणून माका काय काळजी नाय," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने नकलेचा रीतसर अर्ज दिला. मी त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि रेकॉर्डच्या खोलीत गेलो. त्या सालचा रुमाल उतरवला. गाठ सोडली. फाईल मिळायला दहा मिनिटंही लागली नाहीत — माझ्याच हाताने लावलेली, सापडणार नाही तर काय? तळाशी म्हातारीच्या भावाचा अर्ज. त्यावर माझं "मिळाला". माझी तारीख. माझी सही.

मी त्या सहीकडे बघत उभा राहिलो. हा कागद बाहेर गेला तर गुणाजी सुटतो. लगेच सुटतो. आणि मग कुणीतरी विचारणारच, की साक्षीचा अर्ज सकाळी मिळाला असताना तो कोर्टापुढे का ठेवला नाही? कुणाची सही ही? बोलवा त्याला. माझी नोकरी गेली असती का? कदाचित गेली असती. कदाचित नुसता ठपका बसला असता, बढती अडली असती. आज एवढ्या वर्षांनी मी हे सगळं शांतपणे तोलून बघतो तेव्हा वाटतं, ठपकाच बसला असता. साहेब बदलून गेले होते. जास्तीत जास्त ठपका.

मी फाईल परत रुमालात घातली. गाठ मारली. आणि मग — हे लिहायलाच हवं — मी आणखी अर्धा तास त्या खोलीत नुसता बसून राहिलो, कारण इतक्या लवकर बाहेर आलो असतो तर शोधलं असं वाटलं नसतं. निघताना फळीवरची धूळ हाताला आणि सदऱ्याला लावून घेतली.

बाहेर येऊन म्हटलं, "गावाक नाय रे. फाईल खंयच नाय."

गुणाजी माझ्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, किती त्रास घेतलास बाबा, आधी हात धू. आणि विहिरीवर जाऊन त्याने स्वतः माझ्या हातांवर पाणी घातलं.

तो आणखी दोनदा आला. दोन्ही वेळा मी तसाच आत गेलो, तसाच बसलो, तसाच बाहेर आलो. तिसऱ्या वेळी येताना त्याने माझ्या घरी सुक्या सुंगटांची, कोळंबीची, पुडी दिली होती, माझी बायको ती आमटीत घालून वाढत होती आणि म्हणत होती, तुमच्या मित्राचं काम करा हो लवकर. मी जेवलो. माझ्या घशाखाली घास उतरला, याचं मला अजून नवल वाटतं. पंधरा दिवस झाले. मी त्याच्या अर्जावर शेरा लिहिला — शोध घेतला, कागद उपलब्ध नाहीत.

गुणाजीला घेतलं नाही. बाकीचे पाच जण लागले. तो चिऱ्यांच्या खाणीवर गेला, दुसऱ्याच्या बैलगाडीवर चिरे वाहायला. सरकारी मोटार रस्त्याने जाताना तो गाडी बाजूला घ्यायचा आणि ती दिसेनाशी होईपर्यंत थांबायचा. मी त्या मोटारीत खिडकीशी बसलेला असायचो कधी कधी. तो हात वर करायचा. मीही करायचो.

मी तेव्हाही सांगू शकलो असतो. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. पुन्हा भरती निघाली होती, एकदा नाही, दोनदा. फाईल तिथेच होती. एखाद्या दिवशी म्हणायचं, अरे, सापडली बघ, भलत्याच रुमालात गेली होती. इतकं सोपं होतं. पण मी रोज ठरवायचो आणि रोज संध्याकाळी कोर्टाला कुलूप लावून घरी यायचो. मग किरकोळ खटल्यांचे जुने कागद नष्ट करायचा हुकूम आला. यादी मी केली. मोटारींच्या खटल्यांचे सगळे कागद त्यात घातले, नियमाप्रमाणेच. इमारतीच्या मागे खड्ड्यात जाळले. शिपाई काठीने ढवळत होता आणि मी यादीवर एकेक खूण करत होतो. गुणाजीच्या नंबरवर खूण करताना मला हायसं वाटलं. हो, हायसंच. दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही.

आता राहिलेलं.

साठ सालानंतर सात-आठ वर्षांनी गुणाजी आजारी पडला. खाणीतली धूळ छातीत गेली होती, असं डॉक्टर म्हणत. मी बघायला गेलो. दुपारची वेळ होती. तो खाटेवर उशी मागे लावून बसला होता, पार वाळला होता. सत्यभामेने मला खुर्ची दिली आणि ती त्याचे पाय चेपत बसली. गावच्या गोष्टी झाल्या. खाडीवरच्या पुलाच्या झाल्या. मग त्याने एकदम मोटारीचं काढलं. त्या दिवसाचं.

इतकी वर्षं तो लोकांना एकच सांगत आला होता, की माझी गाडी पावलाच्या वेगाने होती. कुणी विचारो न विचारो, सांगायचा. त्या दिवशी मात्र त्याने सावकाश, माझ्याकडे बघत विचारलं, "आपा, माका हल्ली वाटता, गाडी माझ्या हातसून जोरातच गेली आसात. माकाच आठवणा नाय. कोरटान लिवल्यान, सायबान सही केल्यान — ता सगळा खोटा कसा आसात? तू थंयच होतंस. तुका काय वाटता?"

सत्यभामेचे हात थांबले. तीही माझ्याकडे बघत होती.

नोकरीची भीती आता उरली नव्हती. कागद जळून गेले होते. अर्ज तळाशी दडवणारा मी होतो आणि ते माहीत असणारा जगात मी एकटाच होतो. ड्रायव्हरची नोकरी त्याला आता कुणी देणार नव्हतं, तीही गोष्ट संपली होती. त्याला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की त्या उतारावर आपण गाडी कशी चालवली. हो किंवा नाही. एक शब्द.

मी म्हटलं, "आसात रे, जोरात गेली आसात. घाई होती चवथीची. कोणाच्याय हातसून होता."

त्याने मान हलवली. कोर्टात हलवली होती, तशीच. सत्यभामेकडे वळून म्हणाला, "बघ, हल्ली मी सांगी होतंय मा. चूक माझीच."

त्यानंतर तो अकरा दिवस होता. त्याच्या मुलाने मला सांगितलं, की शेवटपर्यंत बाबांनी मोटारीचं नाव काढलं नाही. वाडीत कुणी तो विषय काढला तर सत्यभामा आता स्वतःच सांगते, आमच्या माणसाची चूक होती, मरताना कबूल केली त्यांनी, आपाभावजी समोरच होते. मी समोर असलो तर ती दुजोऱ्यासाठी माझ्याकडे बघते. आणि मी हो म्हणतो. गेल्या आठवड्यातही म्हटलं.